म्हाताऱ्यांच्या गप्पा आणि आकड्यांची साक्ष

बेसबॉलच्या इतिहासाला साक्षीदार लागत नाहीत, हे मत गेल्या तीस-चाळीस वर्षांत अभ्यासू मंडळींत चांगलेच रुजले आहे. त्यामागचा युक्तिवाद सरळ आहे. इंग्लंडातून लहानपणी अमेरिकेत आलेला हेन्री चॅडविक हा क्रिकेटचाही बातमीदार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याने क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर बेसबॉलचा ‘बॉक्स स्कोअर’ रूढ केला. कोण किती वेळा बॅटिंगला आला, किती हिट मारले, कोणाच्या हातून चेंडू सुटला, हे सगळे तेव्हापासून वर्तमानपत्रांत छापून येते. १९८९ मध्ये ‘रेट्रोशीट’ हा उपक्रम निघाला आणि जुन्या सामन्यांतली एकेक खेळी शोधून मांडली जाऊ लागली. इतके सगळे कागदावर असताना ऐंशीच्या घरातल्या खेळाडूपुढे टेपरेकॉर्डर ठेवून ‘तेव्हा काय झालं होतं?’ असे विचारायचे कशाला? त्या गप्पा रम्य असतील, पण इतिहास म्हणून त्यांची किंमत शून्य. लेखकांनी खेळाडूंशी केलेल्या संभाषणांची पुस्तके पावसाळी दुपारी वाचावीत आणि पुरावा हवा असेल तेव्हा तक्ते उघडावेत, असा एकूण सूर.

मराठी वाचकाला हा सूर ओळखीचा वाटेल आणि पटेलही. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून अस्सल कागद आधी आणि बखर नंतर, हा धडा आपण गिरवत आलो आहोत. तो धडा खोटा नाही. पण बेसबॉलच्या बाबतीत तो ज्या पद्धतीने लावला जातो, ती पद्धत मला चुकीची वाटते.

आधी पूर्वपक्षाला त्याचा पुरता मान देऊ. त्याच्या हातात जी उदाहरणे आहेत ती लेचीपेची नाहीत.

या प्रकारच्या पुस्तकांत सर्वांत गाजलेले म्हणजे लॉरेन्स रिटर यांचे १९६६ चे ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’. रिटर न्यूयॉर्क विद्यापीठात वित्तशास्त्राचे प्राध्यापक होते. पैसा आणि बँकिंग यांवरच्या पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव सापडते. म्हणजे माणूस आकड्यांचाच! १९६१ मध्ये टाय कॉब हा जुन्या काळचा नामवंत खेळाडू वारला आणि त्या पिढीचे खेळाडू आता भराभर जाणार, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढची काही वर्षे त्यांनी अमेरिका आणि कॅनडा पालथा घातला. सॅम क्रॉफर्डसारखा ‘हॉल ऑफ फेम’मधला फलंदाज त्यांना शेवटी कॅलिफोर्नियातल्या एका लहानशा गावी, सार्वजनिक धुलाई यंत्रापुढे आपले कपडे धुऊन होण्याची वाट पाहत बसलेला सापडला. अशा बावीस जणांची निवेदने त्या पुस्तकात आहेत.

पुस्तकाचा आरंभ होतो रूब मार्क्वर्ड या पिचरपासून. वडिलांचा विरोध झुगारून सोळाव्या वर्षी आपण घरातून पळालो, मालगाड्यांतून लपतछपत आयोवातल्या वॉटर्लू गावी क्लबकडे पोहोचलो, असे त्याने रंगवून सांगितले आहे. पुढे संशोधकांनी कागदपत्रे काढली. मार्क्वर्डचा जन्म १८८६ चा. म्हणजे त्या पळापळीच्या वेळी तो सोळा वर्षांचा पोर नव्हता, चांगला विशीला टेकलेला होता. त्याच्या आठवणींतल्या इतरही बऱ्याच गोष्टी तपासणीत टिकल्या नाहीत. आणि १९७१ मध्ये हा मार्क्वर्ड ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेला, त्याचे बरेचसे श्रेय रिटर यांच्या पुस्तकाला दिले जाते. टीकाकार म्हणतात, पाहा, गप्पांनी माणूस कुठल्या कुठे नेऊन बसवला.

दुसरे उदाहरण डेव्ही जोन्सचे. जर्मनी शेफर नावाचा एक विदूषकी वृत्तीचा खेळाडू होता. तिसऱ्या बेसवर जोडीदार उभा असताना शेफरने दुसरा बेस चोरला. कॅचरने त्याच्याकडे चेंडू फेकलाच नाही. तो फेकला असता तर तिसऱ्या बेसवरचा गडी घराकडे धावला असता. डाव फसला म्हणून पठ्ठ्या पुढच्या चेंडूला उलटा पळत पहिल्या बेसवर परत आला, पुन्हा दुसरा बेस चोरण्यासाठी! जोन्सच्या सांगण्यानुसार हे डेट्रॉइट आणि क्लीव्हलंड यांच्या सामन्यात घडले आणि तिसऱ्या बेसवर तो स्वतः होता. वर्तमानपत्रांत मात्र असा प्रसंग ४ ऑगस्ट १९११ च्या वॉशिंग्टन-शिकागो सामन्यातला सापडतो. तेव्हा शेफर वॉशिंग्टनकडे होता आणि तिसऱ्या बेसवर क्लाइड मिलन होता. तारखेपुरते बोलायचे तर मी बिनदिक्कत वर्तमानपत्राच्या बाजूने उभा राहीन.

याहून मोठी उदाहरणे दोन. ॲबनर डबलडे याने १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी बेसबॉलचा शोध लावला, ही दंतकथा कोणाच्या तरी आठवणीतूनच जन्मली. आणि टाय कॉब हा निव्वळ राक्षस होता, एकदा तर त्याने माणूसही मारला, ही प्रतिमा लेखक अल स्टंप याने कॉबशी झालेल्या आपल्या सहवासाच्या जोरावर उभी केली. चार्ल्स लीअरसन यांनी २०१५ च्या चरित्रात तिच्यातला बराचसा भाग तपासून बाद केला.

पूर्वपक्ष इथे थांबतो आणि निकाल आपल्या बाजूने लागला असे समजतो. मला वाटते, खटला इथे सुरू होतो.

डबलडेची गोष्ट नीट पाहा. खेळाचे साहित्य विकणारा अल्बर्ट स्पॉल्डिंग याला बेसबॉल अस्सल अमेरिकन ठरवायचा होता, कारण चॅडविकने तो इंग्लंडच्या राउंडर्समधून आल्याचे लिहिले होते. १९०५ मध्ये आयोग नेमला गेला. अध्यक्ष ॲब्रहॅम मिल्स. ॲबनर ग्रेव्हज नावाच्या खाण अभियंत्याचे पत्र आले की कूपर्सटाउनला आपण लहान असताना डबलडेने हा खेळ काढला. त्या पत्रात सालही ढोबळच होते. १८३९ मध्ये ग्रेव्हज पाच वर्षांचा होता आणि डबलडे त्या काळात वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. पुढे सेनापती झालेला हा डबलडे मिल्सचा जुना परिचित. त्याने हयातीत बेसबॉलच्या शोधाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. तरीही ३० डिसेंबर १९०७ च्या निवाड्यात मिल्सने त्याच्या नावावर शिक्कामोर्तब केले.

यात संभाषण कुठे झाले? ग्रेव्हजला आयोगापुढे बसवून कोणी दोन प्रश्न विचारले नाहीत. ‘तेव्हा तुमचे वय काय?’ एवढे विचारले असते तरी पुरले असते. जे झाले ते सगळे कागदोपत्री: पत्र आले, फाइलला लागले, निवाडा छापला. उलट संभाषण जेव्हा झाले तेव्हा काय घडले ते पाहा. १९२६ मध्ये नॅशनल लीगच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात बातमीदारांनी म्हाताऱ्या मिल्सला तोंडावर विचारले की कूपर्सटाउनचा पुरावा तुमच्यापाशी कोणता होता? त्याने कबूल केले की खेळाच्या उगमाबद्दल म्हणाल तर काहीच नव्हता. अठरा वर्षे छापील निवाड्याने जे झाकले, ते एका प्रश्नाने उघडे केले. तरीही १९३९ मध्ये कूपर्सटाउनलाच ‘हॉल ऑफ फेम’चे दार उघडले, हा भाग वेगळा. दंतकथेला गावाने पोसले, त्याचा दोष प्रश्न विचारणाऱ्यांच्या माथी कशाला?

स्टंपचेही तेच. त्याने कॉबच्या तोंडी जे घातले ते कॉब गेल्यानंतर. ऐकणारा एकटाच, सांगणारा हयात नाही, टेप नाही, तिसरा माणूस नाही. याला संभाषण म्हणायचे तर मग भुताखेतांच्या कथांनाही मुलाखती म्हणावे लागेल.

आता आकड्यांकडे वळू, कारण पूर्वपक्षाची खरी श्रद्धा तिथे आहे.

१९१० साली मेजर लीगमध्ये सर्वोत्तम बॅटिंग सरासरी कोणाची, यावर चाल्मर्स कंपनीची मोटारगाडी बक्षीस लागली होती. चुरस टाय कॉब आणि नॅप लाजवे यांच्यात. ९ ऑक्टोबरला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, सेंट लुइसमध्ये एकाच दिवसात दोन सामने झाले आणि त्यांत लाजवेने आठ हिट मिळवले. बॉक्स स्कोअरमध्ये आठ हिट म्हणजे आठ हिट. त्यांतले बहुतेक बंट, म्हणजे बॅट नुसती टेकवून जवळच टाकलेले चेंडू होते. सेंट लुइसचा व्यवस्थापक जॅक ओकॉनर याने रेड कॉरिडन या नवख्या पोराला तिसऱ्या बेसवर इतके मागे उभे केले होते की लाजवेचा बंट गोळा करून पहिल्या बेसवर फेकेपर्यंत तो आरामात पोहोचायचा. कॉब कोणालाच आवडत नव्हता, म्हणून हा उद्योग. ओकॉनरचा साथीदार हॅरी हॉवेल याने तर अधिकृत धावलेखकाला एका चेंडूचा निर्णय लाजवेच्या बाजूने फिरवण्यासाठी नवा कोरा सूट शिवून देण्याचे आमिष चिठ्ठीतून दाखवले. हे सगळे कळले कसे? अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी माणसे बोलावून विचारपूस केली तेव्हा. तक्ता त्याबद्दल मुका होता, आणि आजही मुकाच आहे.

एवढ्यावर भागले असते तर एक वेळ म्हटले असते की चौकशी ही अपवादाची बाब. पण जॉन्सन यांनी कॉबला किंचित फरकाने विजेता ठरवले, आणि तो निर्णय ज्या वहीवर बेतला ती वहीच चुकलेली निघाली. सत्तरच्या दशकात पीट पामर या संशोधकाच्या ध्यानात आले की डेट्रॉइटचा एक सामना कॉबच्या खात्यात दोनदा मांडला गेला आहे. तीन प्रयत्न, दोन हिट, दुबार. ते वजा केले तर लाजवे पुढे जातो. १९८१ मध्ये ‘द स्पोर्टिंग न्यूज’ने हे जाहीर केले, पण बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त बोवी क्यून यांनी बदल नाकारला. आजही कॉबचे एकूण हिट कुठे ४,१९१ तर कुठे ४,१८९ छापले जातात. हॅक विल्सनने १९३० मध्ये संघासाठी किती धावा घडवल्या, तर १९० असे दोन पिढ्या पाठ करत आल्या. १९९९ मध्ये तो आकडा १९१ झाला. आणि ज्या मार्क्वर्डला आपण वर खोटारडा ठरवला त्याचा विक्रम घ्या: १९१२ मध्ये सलग १९ विजय. त्या एप्रिलमध्ये तो एका सामन्यात मध्येच पिचिंगला आला, त्यानंतर संघाने आघाडी घेऊन सामना जिंकला, आणि धावलेखकाने विजय आधीच्या पिचरच्या नावावर लिहिला. आजच्या नियमाने तो मार्क्वर्डचा ठरून आकडा २० झाला असता. म्हणजे त्याच्या गप्पांइतकाच त्याचा आकडाही सांगणाऱ्याच्या मर्जीवर होता.

आकडाही कोणाची तरी साक्षच असते, फक्त ती एका ओळीत दिलेली असते आणि साक्षीदाराचे नाव खाली छापत नाहीत. हे जिच्यात सर्वांत स्पष्ट दिसते अशी एक इनिंग आहे, आणि तिच्यासाठी मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

१६ ऑक्टोबर १९१२, बॉस्टनचे फेनवे पार्क, वर्ल्ड सिरीजचा आठवा आणि निर्णायक सामना. एक सामना बरोबरीत सुटल्यामुळे आठवा खेळावा लागला होता. न्यूयॉर्क जायंट्सने दहाव्या इनिंगमध्ये २-१ अशी आघाडी घेतली. पिचर ख्रिस्टी मॅथ्यूसन. बॉस्टनच्या क्लाइड एंगलने सेंटर फील्डला सोपा उंच चेंडू मारला. फ्रेड स्नॉडग्रास खाली आला आणि त्याच्या हातून तो सुटला. एंगल दुसऱ्या बेसवर. पुढचा हॅरी हूपर. त्याचा जोरदार फटका स्नॉडग्रासने धावत जाऊन अशा जागी पकडला की तो पकडला जाईल असे कोणाला वाटले नसेल. मग स्टीव्ह यर्क्सला चार बॉलवर बेस मिळाला. ट्रिस स्पीकरने पहिल्या बेसच्या बाजूला फाउल उडवला. सहज झेलता येईल असा. पहिल्या बेसवरचा फ्रेड मर्कल, कॅचर चीफ मायर्स आणि स्वतः मॅथ्यूसन तिघे जवळ, आणि चेंडू तिघांच्या मध्ये जमिनीवर. कोणी कोणाला पुकारले यावर निवेदने जुळत नाहीत. जीवदान मिळालेल्या स्पीकरने हिट मारून बरोबरी केली आणि थोड्या वेळाने लॅरी गार्डनरच्या उंच फटक्यावर यर्क्स घरी आला. बॉस्टन ३-२.

बॉक्स स्कोअरमध्ये यातले काय उतरले? स्नॉडग्रासच्या नावावर एक ‘एरर’. हूपरच्या फटक्याचा तो अचाट झेल इतर कुठल्याही सोप्या झेलासारखाच, एक गडी बाद. आणि तिघांमध्ये पडलेला फाउल? त्याला कोणाचा हातच लागला नाही, म्हणून चूकही कोणाची नाही. सामना जिथे खरोखर गेला ती जागा तक्त्यात कोरी आहे. बातमीदारांनी या नोंदीवरून ‘तीस हजार डॉलरचा सुटलेला झेल’ असे नाव पाडले. स्नॉडग्रास पुढे बँकर झाला, ऑक्सनार्ड शहराचा महापौर झाला, आणि १९७४ मध्ये गेला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मृत्युवार्तेच्या मथळ्यातही तो झेल होताच.

रिटर यांच्या पुस्तकात स्नॉडग्रास आहे. ज्याचा फटका त्याने पकडला तो हूपर आहे. त्या दिवशी बॉस्टनच्या बाजूने विजय मिळवलेला पिचर जो वुड आहे. ज्याच्याजवळ फाउल पडला तो मायर्सही आहे. एकाच इनिंगचे चार साक्षीदार, दोन्ही संघांचे, अर्धशतकानंतर, एकमेकांपासून शेकडो मैलांवर. स्नॉडग्रास आपली चूक लपवत नाही, पण इनिंग तिथे संपली नाही हे सांगतो. आणि त्याच्या झेलाची खातरी देतो तो ज्याचे नुकसान झाले तो हूपर. प्रतिपक्षाच्या साक्षीदाराने दिलेली कबुली कुठल्याही कोर्टात वजनदार मानतात. इथे आठवण तक्त्याला खोटे पाडत नाही. तक्त्याने काय सोडून दिले ते ती दाखवते, आणि ते सोडून देणे हाच त्या सामन्याचा साठ वर्षांचा इतिहास झाला.

रिटर यांच्या पद्धतीत दोष नाहीत असे मी म्हणत नाही. सर्वांत मोठा दोष हा की त्यांनी आपले प्रश्न छापील पानातून काढून टाकले. प्रत्येक प्रकरण अखंड स्वगतासारखे वाचले जाते, ओघवते आणि गोड, पण खेळाडू स्वतःहून बोलला की विचारल्यावर बोलला, हे कळत नाही. नंतर मूळ ध्वनिमुद्रणांतला भाग प्रसिद्ध झाला तेव्हा लेखकाचा हात कुठे फिरला आहे हे काही प्रमाणात तपासता आले. दुसरा दोष अधिक खोल. त्या बावीस जणांत काहुइया जमातीचा मायर्स सोडला तर सारे गोरे. काळा खेळाडू एकही नाही. त्या काळच्या मोठ्या लीगमध्ये काळ्यांना प्रवेशच नव्हता हे कारण आहे, पण पुस्तकाचे नाव ‘त्यांच्या काळाचे वैभव’ अशा अर्थाचे असताना ती उणीव बोचते.

आणि नेमक्या याच उणिवेपाशी पूर्वपक्ष पुरता कोसळतो. १९२० मध्ये कॅन्सस सिटीत रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने नीग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. या लीगच्या बातम्या मुख्यतः ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरिअर’ यांसारख्या काळ्या समाजाच्या साप्ताहिकांत यायच्या. साप्ताहिकात आठवड्याचे सगळे सामने कुठून मावणार? गोऱ्या दैनिकांना त्यांची पर्वा नव्हती. म्हणजे ज्या कागदावर पूर्वपक्षाचा भरवसा, तो कागदच वर्णभेदाने फाडलेला. अशा वेळी रॉबर्ट पीटरसन यांनी जुनी वर्तमानपत्रे चाळली, खेळाडूंशी बोलले आणि १९७० मध्ये ‘ओन्ली द बॉल वॉज व्हाइट’ लिहिले. जॉन हॉलवे यांनी म्हाताऱ्या खेळाडूंच्या मुलाखती घेऊन १९७५ मध्ये ‘व्हॉइसेस फ्रॉम द ग्रेट ब्लॅक बेसबॉल लीग्स’ काढले. कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणाविरुद्ध, हे या माणसांनी सांगितल्यावर कुठला मायक्रोफिल्म उघडायचा ते संशोधकांना कळू लागले. बोलणे आधी, तक्ता नंतर. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातल्या सात नीग्रो लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला आणि २०२४ च्या मेमध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले. जॉश गिब्सनची कारकिर्दीची सरासरी .३७२ ठरली, कॉबच्या .३६७ च्या वर. ज्या समितीने हे काम पाहिले तिचे अध्यक्ष जॉन थॉर्न हे मेजर लीगचे अधिकृत इतिहासकार.

यावर एक हजरजबाबी आक्षेप असतो. गिब्सनच्या ‘हॉल ऑफ फेम’मधल्या फलकावर जवळजवळ ८०० होमरन लिहिले आहेत आणि अधिकृत तक्त्यात निघाले १७४. मग गप्पांनी चौपटीहून जास्त फुगवले की नाही? नाही. फलकावरच लीग आणि स्वतंत्र सामने मिळून असे म्हटले आहे. हे संघ पोटासाठी गावोगाव फिरत, स्थानिक क्लबांशी, गिरण्यांच्या संघांशी, मिळेल त्याच्याशी खेळत. लीगचे सामने हा त्यांच्या वर्षाचा लहान भाग. ८०० मोजून सिद्ध होणार नाही हे मान्य. पण १७४ हा गिब्सनच्या होमरनांचा आकडा आहे असे म्हणणे जास्त चुकीचे आहे. तो फक्त मोजण्यालायक मानल्या गेलेल्या आणि सापडलेल्या सामन्यांचा आकडा आहे.

राहता राहिला शेवटचा आक्षेप. खेळाडूंचे एक वेळ ठीक, पण इतिहास लिहिणाऱ्या लेखकांशी काय बोलायचे, त्यांचे म्हणणे पुस्तकात असतेच की! हॅरल्ड सीमोर यांचे तीन खंड पाहा. बेसबॉलवर इतिहासाची पहिली डॉक्टरेट मिळवणारे हे गृहस्थ. १९६० चा पहिला खंड आणि १९७१, १९९० चे पुढचे दोन ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. अव्वल संदर्भग्रंथ, मुखपृष्ठावर एकच नाव. पुढे त्यांची पत्नी डॉरथी बोलू लागली की संशोधन, मांडणी आणि तिसऱ्या खंडाच्या लेखनाचा मोठा भाग तिचा आहे. सहलेखक म्हणून नाव द्यायला पतीने नकार दिला होता. तिन्ही खंडांत हे कुठल्याही पानावर सापडत नव्हते. २०१० मध्ये प्रकाशकांनी तिचे सहलेखकत्व मान्य केले. पहिला खंड निघाल्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती, आणि या काळात त्या ग्रंथांच्या तळटिपा उद्धृत करणारे बहुतेक सगळे चुकीच्या माणसाचे एकट्याचे नाव लिहीत आले होते.